विरजणांतील भाऊबंदकी

शेजारघरून उसनी आणलेली साखर परत करावी लागते, पीठ परत करावें लागतें, आणि पैसे तर घेणारा विसरला तरी देणारा विसरत नाहीं. विरजण मात्र कोणीं परत केलेलें आम्हीं अद्याप पाहिलें नाहीं, व तें परत न आल्यामुळें दोन घरांत अबोला पडल्याचेंहि कधीं ऐकलें नाहीं. चमचाभर दह्याची ती किंमत काय, असें वाचक म्हणतील. पण तेंच चमचाभर दहीं दिवेलागणीनंतर मागावयास जावें. 'आज नेमकें संपलें हो' असें उत्तर येतें, आणि उत्तर देणारीच्या पाठीमागें ओट्यावर झांकून ठेवलेलें भांडें आपणांस स्वच्छ दिसत असतें! तिन्हीसांजेला विरजण दिलें तर घरांतली लक्ष्मी जाते अशी समजूत. जी वस्तु परत मागण्याइतकीहि मोलाची नाहीं, ती गेल्यानें लक्ष्मी जाते, हें विधान तर्कशास्त्राच्या कोणत्याच कोष्टकांत बसत नाहीं. आणि तर्कशास्त्र तर आम्ही कॉलेजांत गेलीं सत्तावीस वर्षें शिकवीत आहों.

कोष्टकांत न बसणाऱ्या या वस्तूचा नीट विचार करण्याची वेळ गेल्या वैशाखांत आमच्यावर रिद्धपुरास आली. रिद्धपूर हें आमचें आजोळ. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांतील हें गांव महानुभाव पंथाचें मोठें तीर्थ. गोविंदप्रभूंचें वास्तव्य येथें होतें, आणि मराठींतील आद्य चरित्रग्रंथ जो लीळाचरित्र, तो म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिद्ध केला तो येथेंच. २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठहि या गांवीं सुरू झालें; त्यामुळें एरवीं 'हें कोठेंसें आलें?' असें विचारणारे आमचे पुण्याकडील स्नेही आतां मोठ्या आदरानें गांवाची चौकशी करतात. आमच्या मनांत मात्र रिद्धपूर म्हणजे पंचेचाळीस अंशांचें ऊन, मामांच्या घराची मातीची जाड भिंत, आणि त्या भिंतीच्या गारव्याला ठेवलेला आंबिलीचा गंज.

मामांना जाऊन बरीच वर्षें झालीं. मामींनीं ऐंशी ओलांडली आहे. मामेभावाची संत्र्याची बाग आहे. मोर्शी-वरूडच्या संत्र्याची कीर्ति सर्वांच्या कानीं असते. बागाइतदाराच्या झोपेची वार्ता कोणाच्याच कानीं नसते. लागोपाठ दोन वर्षें आंबिया बहाराचीं फळें झाडाखालींच पडलीं, तेव्हां घराचा भार आमच्या वहिनींनीं उचलला. गांवांतल्या दहाबारा बायकांचा त्यांनीं बचत गट केला आहे. धापोडे, कुरडया, पापड अमरावतीस पाठवितात, आणि उन्हाळ्यांत यात्रेकरूंना दारांतच आंबील विकतात. अमरावतीच्या एका दुकानदारानें ती आंबील चाखली, आणि बाटल्यांत भरून द्या म्हणाला. रोजच्या दोनशें बाटल्या. पण माल पंधरा दिवस टिकला पाहिजे. टिकत नसेल तर एक पांढरी पूड मिळते, चिमूटभर टाकली कीं काम झालें. दोनशें बाटल्यांचा पैसा म्हणजे पुतणीच्या शिक्षणाचा खर्च निघून वर बागेच्या कर्जाचा हप्ता. मामेभावाला धीर धरवेना, वहिनींचा निश्चय होईना, आणि मामींनीं तर एका वाक्यांत निकाल देऊन टाकला होता : 'आंबील का दवाई हाय, बाटलीत भरून ठेवाले?'

प्रोफेसर घरीं आला आहे तर त्यालाच विचारावें असें ठरलें. शिकलेल्या माणसाला सगळेंच ठाऊक असतें हा खेड्यांतला समज आम्ही सहसा मोडीत नाहीं.

आंबिलीची वऱ्हाडी रीत पुष्कळ वाचकांना माहीत असेल. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचें ताट आमच्याकडे तिच्यावांचून पुरें होत नाहीं. ज्वारी ओलवून कांडावयाची, तिचें पीठ ताकांत कालवून रात्रभर ठेवावयाचें, आणि सकाळीं आंबूस वास आला कीं मीठ, जिरें, लसूण घालून मंद आंचेवर शिजवावयाचें. धापोड्यांना धीर अधिक लागतो. ज्वारी तीन दिवस पाण्यांत भिजते. रोज पाणी बदलतात. दुसऱ्या दिवशीं वर फेस येतो, आणि तिसऱ्या दिवशीं वास असा सुटतो कीं शहरांत वाढलेलें मूल नाक धरून पळतें. मग ती वाटून, शिजवून, ओल्या धोतरावर पळीपळीनें पसरून उन्हांत वाळवावयाची. कुरडयांचा गहूहि असाच तीन दिवस आंबतो. गटांतल्या एका नव्या सुनेनें, तीन दिवसांचें काम एका दिवसांत उरकलें तर काय बिघडेल, असें भीत भीत विचारलें. मामी म्हणाल्या, 'तीन दिस आंबली म्हंजे मंग ते कोनाच्या बापाले नासत नाही.'

हें उत्तर आमच्या मनांत घोळत राहिलें. आंबवल्यानें नासत नाहीं! आंबणें म्हणजे थोडेंसें नासणेंच, अशी आम्हां शहरी माणसांची कल्पना. पण मराठी भाषा या बाबतींत आमच्यापेक्षां जागी आहे. दूध 'नासलें' म्हटलें कीं घरधनिणीचा चेहरा पडतो, दूध 'विरजलें' म्हटलें कीं हात ताटाकडे जातो. भांड्यांत पाहिलें तर दोन्ही वेळां दूध मोडलेलेंच असतें. हे दोन शब्द वेगळे ठेवणाऱ्या बायकांनीं सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता. तो ज्यानें पाहिला त्या लुई पाश्चरनें १८५७ सालीं दाखवून दिलें कीं दूध आंबतें तें आपोआप नव्हे, तें एका सजीवाचें काम आहे. तो जीव दुधांतली साखर खातो आणि मागें लॅक्टिक आम्ल ठेवतो. आम्ल वाढलें कीं सडविणाऱ्या जंतूंना तेथें राहवत नाहीं. धापोड्यांत पुढें ऊन पाण्याचा अंशहि काढून घेतें, म्हणून ते वर्षभर टिकतात. मामींच्या वाक्याचा अर्थ एवढ्यावर लागला असता, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

परंतु आमची पुतणी, मामींची नात, अमरावतीस सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम्. एस्सी. च्या वर्गांत आहे. सुटींत ती घरीं आली होती, आणि येतांना मोबाइलमध्यें कांचेच्या तबकड्यांचीं छायाचित्रें घेऊन आली होती. मागल्या खेपेस तिनें घरचें दहीं आणि धापोड्यांच्या ज्वारीचें आंबट पाणी बाटलींत घालून नेलें होतें. त्यावर तिनें जें केलें तें तिच्या विषयांत अगदीं प्राथमिक आहे म्हणे. आमच्या विषयांत मात्र तें उत्तम प्रतीचें आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

समुद्रांतल्या शेवाळापासून केलेला आगर नांवाचा खळीसारखा पदार्थ तबकडींत ओतून त्यांत एका निरुपद्रवी पिवळ्या जंतूची पेरणी करतात. तो गोठला कीं त्याला लहान भोंकें पाडून परीक्षेचा द्रव त्यांत थेंबाथेंबानें घालतात. रात्रभर उबेंत ठेवलें कीं सगळी तबकडी पिवळट धूसर होते; पण द्रवांत जंतूला मारणारें कांहीं असेल, तर भोंकाभोंवतीं स्वच्छ, पारदर्शक कडें उरतें. मामींच्या दह्याभोंवतीं कडें उमटलें, ज्वारीच्या पाण्याभोंवतींहि उमटलें. यावरून काय सिद्ध झालें? अद्याप कांहींच नाहीं. आम्ल तर दोहोंतहि होतें. म्हणून दुसऱ्या तबकडींत द्रवांतलें आम्ल आधीं अल्कलीनें मारून घेतलें. दह्याचें कडें नाहींसें झालें. ज्वारीच्या पाण्यांतून वेगळ्या काढलेल्या एका जंतूच्या द्रवाचें कडें मात्र, थोडें लहान होऊन, राहिलें. आतां संशय हायड्रोजन पेरॉक्साइडवर; असे कांहीं जंतु तेंहि तयार करतात. त्याचें विघटन करणारें कॅटालेज घातलें, कडें तसेंच. शेवटीं प्रथिनें पचविणारें ट्रिप्सिन घातलें, आणि कडें गेलें! म्हणजे मारणारें द्रव्य आम्ल नव्हे, पेरॉक्साइड नव्हे, तें एक प्रथिन असलें पाहिजे.

जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथांत कारण शोधण्याच्या ज्या रीति सांगितल्या, त्यांतील व्यतिरेकाची रीत आम्ही दरवर्षीं फळ्यावर 'अ', 'ब', 'क' लिहून शिकवितों, आणि मुलें दरवर्षीं जांभया देतात. रिद्धपुराच्या ओसरीवर ती रीत आम्हीं प्रथमच जांभई न देतां ऐकली. पुतणीनें एवढेंच बजावलें कीं एका तबकडीवरून मोठें कांहीं म्हणतां येत नाहीं. तो जंतु कोण, त्याचें प्रथिन नवें कीं जुनेंच, हें ठरायला पुष्कळ काम आहे. तिच्या वयाला शोभणार नाहीं इतका हा सावधपणा आम्हांला फार आवडला.

अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यांचा शोध कोणाच्या स्वयंपाकघरांत लागला नाहीं. १९२५ सालीं बेल्जियममध्यें आंद्रे ग्रासिया यानें आंतड्यांत राहणाऱ्या कोलाय जंतूचा एक वाण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणास मारतो असें पाहिलें. १९२८ सालीं अमेरिकेंत रॉजर्सला असें दिसलें कीं दूध आंबविणारा एक गोल जंतु दूध आंबविणाऱ्याच दुसऱ्या लांबट जंतूची वाढ थांबवितो. त्याच वर्षीं लंडनमध्यें फ्लेमिंगच्या तबकडीवर पेनिसिलिनची बुरशी पडली, आणि जगाचें लक्ष तिकडे गेलें तें गेलेंच. १९३३ सालीं न्यूझीलंडमध्यें चीझ करणारांना वेगळीच अडचण आली : विरजण घालावें आणि कांहीं दुधांत तें लागूंच नये. व्हाइटहेडनें शोध केला तेव्हां त्या दुधांत आधींच शिरलेला दुसरा जंतु विरजणाच्या जंतूला वाढूं देत नव्हता असें निघालें. शेवटीं १९४७ सालीं इंग्लंडांत मॅटिक आणि हिर्श यांनीं त्या द्रव्याला निसिन हें नांव दिलें. जंतूंच्या वर्गवारींतील 'एन' वर्गाचें निरोधक द्रव्य, एवढाच त्या नांवाचा अर्थ. 'एन', 'आय', 'एस' हीं तीन अक्षरें जोडून मागें 'इन' लावलें. चौतीस अमिनो आम्लांची ही लहानशी सांखळी. पुढील दशकांत ती इंग्लंडांत बाजारांत आली. १९६९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञमंडळानें तिला मान्यता दिली. १९८८ सालीं अमेरिकेनेंहि कांहीं चीझ-पदार्थांपुरती दिली. यूरोपांतल्या डब्यावर 'ई २३४' असा आंकडा दिसला तर तें हेंच निसिन समजावें.

आतां या सर्व कथेंत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. कोलाय कोणाला मारतो? कोलायला. विरजणाचा जंतु कोणाला रोखतो? विरजणाच्याच जंतूला. हीं प्रथिनें मुख्यतः जवळच्या नात्यांतल्यांवर चालतात, आणि कारण अगदीं वऱ्हाडी आहे. ज्याचें अन्न वेगळें, ज्याची राहण्याची जागा वेगळी, त्याच्याशीं भांडावयाचें कशासाठीं? भांडण त्याच्याशीं, ज्याचें शेत आपल्या शेताला लागून आहे. धुऱ्यावरून कोर्टांत गेलेलीं दोन घरें पाहावीं. तीं चुलत्यांचींच निघतात. दुधांतल्या साखरेवर डोळा ठेवणारे सगळे एकाच कुळांतले, आणि म्हणून अस्त्रें एकमेकांसाठीं घडविलेलीं. आपलें अन्न टिकावें असा त्यांच्या मनांत हेतु नसतो. त्यांना मनच नसतें. त्यांच्या भाऊबंदकींत आपल्या ताटाचें रक्षण होतें, एवढाच आपला लाभ. कुळ जरा मोठें धरलें तर ज्यांना आपण भ्यावें असे कांहीं जंतु त्याच्या दूरच्या शाखांत येतात : डब्यांतल्या अन्नांत जीवघेणें विष करणारा क्लॉस्ट्रिडियम, चीझमधून गर्भवती स्त्रियांना धोका करणारा लिस्टेरिया, उकळी सोसून बीजरूपानें वांचणारे बॅसिलस. निसिन यांना भारी पडतें, आणि म्हणूनच तें कामाचें.

त्याची मारण्याची रीतहि ऐकण्यासारखी आहे. जंतूच्या पेशीला भिंत असते आणि ती सारखी बांधली जात असते. या बांधकामाला विटा वाहून नेणारा एक रेणु असतो, त्याला आपण हमाल म्हणूं. निसिन थेट त्या हमालालाच धरतें. त्यामुळें बांधकाम थांबतें. तेवढ्यावर न थांबतां धरलेल्या जागींच पेशीच्या आवरणाला भोंक पाडतें आणि आंतला जीवनरस बाहेर गळतो. निसिन तयार करणारा स्वतः मात्र मरत नाहीं. अस्त्राबरोबर तो स्वतःपुरतें कवचहि तयार करतो. आणि अस्त्र काढण्यापूर्वीं आपल्या बाजूचे किती जमले आहेत याचा अंदाज घेतो. आसपासचें निसिनच त्याला तो अंदाज देतें. थोडे असतांना गप्प बसावयाचें आणि गर्दी जमली कीं एकदम उठावयाचें, हें राजकारण सूक्ष्म सृष्टींतहि चालतें असें दिसतें. आपल्या पोटांत गेलेलें निसिन मात्र इतर प्रथिनांसारखेंच पचून जातें. ज्या ट्रिप्सिननें पुतणीच्या तबकडीवरचें कडें घालविलें, तें आपल्या लहान आंतड्यांत रोजच कामावर असतें.

हें सगळें ऐकून मामेभावाचा चेहरा खुलला. 'म्हणजे पांढरी पूड नको, हेंच टाकूं!' तो म्हणाला. आम्हांलाहि क्षणभर तसेंच वाटलें; घरच्या ज्वारीच्या पाण्यांतूनच घरच्या आंबिलीचें रक्षण व्हावें, याहून गोड निकाल कोणता? परंतु पुतणीनें मान हलविली. आंबील बिघडते ती कोणामुळें, हा प्रश्न तिनें आधीं विचारला; आणि खरेंच, तो कोणीं विचारलाच नव्हता. आंबील आंबट असते आणि उकळलेली असते. तिच्यावर पुढें चढाई करतात ते यीस्ट आणि बुरशी; बाटली फुगते, झांकण उडतें, वर पांढरी साय धरते, तें त्यांचें काम. ते या भाऊबंदकींतले नव्हेतच. त्यांच्या पेशीला तसली भिंत नाहीं, तो हमाल नाहीं. निसिन त्यांच्या अंगणांतून जाईल आणि त्यांना कळणारहि नाहीं. कोलाय, साल्मोनेला यांच्यासारख्यांवरहि तें चालत नाहीं. त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतें. उलट दुकानदाराची पांढरी पूड, म्हणजे सोडियम बेंझोएट, आंबट पदार्थांतल्या यीस्टवर व बुरशीवर चांगलें चालतें. नेमून दिलेल्या पदार्थांत, नेमून दिलेल्या मर्यादेंत त्याला कायद्याची परवानगीहि असते.

येथें आमच्या वर्गांतले पुष्कळ लोक चुकतात असें आमचें मत आहे. 'नैसर्गिक' म्हटलें कीं निर्दोष आणि 'रासायनिक' म्हटलें कीं विष, अशी सोपी वांटणी करून ते मोकळे होतात. क्लॉस्ट्रिडियमचें विष पूर्णपणें नैसर्गिक आहे. आणि बेंझोइक आम्ल क्रॅनबेरी नांवाच्या फळांत निसर्गानेंच घातलें आहे. व्यापाऱ्यांना ही आपली दुर्बळता पक्की ठाऊक असते. परदेशांत हल्लीं साखरेच्या द्रवावर असे जंतु वाढवून, त्यांनीं सोडलेल्या सर्व द्रव्यांसकट तो द्रव वाळवून पूड करतात, आणि वेष्टनावर 'कल्चर्ड डेक्स्ट्रोज' असें छापतात. वाचणाऱ्याला वाटतें, ही कांहीं संस्कारित साखर असेल! पदार्थ टिकविण्याचें काम तीच करीत असते. पुडींत दोष नाहीं. पण नांव लपविण्याची कला आम्हांला रुचत नाहीं. याउलट खऱ्या आशेची गोष्ट अशी कीं लॅक्टोबॅसिलसांपैकीं कांहीं वाण फेनिललॅक्टिक आम्लासारखीं बुरशीला रोखणारीं द्रव्यें करतात, आणि आंबवलेल्या पिठाच्या पावांत त्यांचा अभ्यास झालेला आहे. रिद्धपुराच्या ज्वारींत तसा कोणी असेलहि. पण दुकानदाराच्या पंधरा दिवसांचा हिशेब आज त्यावर बसविणें म्हणजे पुढच्या बहाराच्या भरंवशावर यंदाचें कर्ज काढणें.

रात्रीं अंगणांत बाजा टाकून पडलों असतां पुतणीनें आजीला विचारलें, हें विरजण आपल्या घरीं किती वर्षांपासूनचें? मामींना विचारच पडला. सासूकडून आलें, सासूला तिच्या सासूकडून. मध्यें दोनतीनदां मोडलें. एकदां घरांत सुतक होतें तेव्हां गेलें, तें शेजारणीकडून आणलें. तिनें तें पूर्वीं आमच्याच घरून नेलेलें होतें. एकदां कोठेंच मिळेना, तेव्हां कोमट दुधांत हिरव्या मिरच्यांचे देठ घालून धरविलें. लांबच्या गांवीं न्यावयाचें झालें कीं फडक्याचा तुकडा विरजणांत भिजवून सावलींत वाळवावयाचा आणि तिकडे दुधांत टाकावयाचा.

आम्हांला एकदम या गांवचीच दुसरी गोष्ट आठवली. लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमींत गेली, आणि पंथांतल्या मंडळींनीं स्मरणाच्या आधारें ती पुन्हा उभी केली, असें परंपरा सांगते. पुढें हातोहात नकला झाल्या, नकलेनकलेंत फरक पडला, हिराइसापाठ, परशरामपाठ असे वेगवेगळे पाठ झाले, आणि आज विद्वान ते समोरासमोर ठेवून वाचतात. विरजणहि नकलेनेंच जगतें. रोज रात्रीं एक नक्कल. दर घरच्या हवेनें, भांड्यानें, दुधानें तींत पाठभेद पडावयाचा. मिरचीच्या देठाचें विरजण हा तर प्रक्षिप्त भाग म्हणावा लागेल! पण हे पाठभेद जमविणारा कोणी म्हाइंभट घरोघर हिंडला नाहीं. मोर्शीच्या दुकानांतून पिशवींतलें दहीं आतां रिद्धपुरापर्यंत येतें. तें वाईट नसतें. दोनचार निवडक वाणांचें, रोज एकाच चवीचें, स्वच्छतेनें केलेलें असतें. तें सर्व घरीं पोंचलें म्हणजे सगळ्या गांवांत एकच छापील प्रत राहील, एवढेंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत उद्योगाला उपयोगी अशा सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेंत दुग्धव्यवसायाच्या जंतूंचा आहे. थंडींत गोठवून व शुष्क करून बंद कांचनळींत ते वर्षानुवर्षें जतन करतात. कोणाच्या आजीचा गंज मात्र त्या कांचनळींत आपोआप जात नाहीं. तो कोणीतरी बाटलींत घालून न्यावा लागतो, जसा पुतणीनें नेला.

दुसऱ्या दिवशीं बाटल्यांचा निकाल लागला, आणि तो आम्हीं लावला नाहीं. वहिनी रात्रभर गप्प होत्या. सकाळीं धापोड्यांचें धोतर उचलतां उचलतां त्या म्हणाल्या, 'हे वाळते, तर आंबिलीचं पीठ काहून नाही वाळत?' ज्वारीचें पीठ ताकांत रात्रभर आंबवावयाचें, आंबल्यावर न शिजवतां ताटांत पातळ पसरून कडक उन्हांत वाळवावयाचें, कुटून पुड्या बांधावयाच्या. घेणारानें घरीं पाण्यांत कालवून शिजवावें. आंबटपणा राहतो, पाणी जातें. यीस्टला आणि बुरशीला पाण्यावांचून हातपाय हलवितां येत नाहींत. पांढरी पूड नको आणि निसिनहि नको. पुतणीनें, पसरलेल्या पिठावर मलमल झांका आणि एका उन्हांत पुरतें वाळलें नाहीं तर तें विकूं नका, एवढ्या दोन अटी घातल्या. मामींनीं पहिल्या पुडीची आंबील चाखली. 'ताज्यावानी नाही,' म्हणाल्या. पण वाटी खालीं ठेवली ती रिकामी होती.

अमरावतीचा दुकानदार प्रथम नाराज झाला. लोकांना तयार माल हवा, शिजविण्याला वेळ कोणाला आहे, असें तो बराच वेळ म्हणत होता. शेवटीं त्यानें चाळीस पुड्या ठेवून घेतल्या, आणि पैसे पुढल्या महिन्यांत देईन म्हणाला.